कानातलं पाणी

दुपारच्या सुन्न शांततेत पितळी वाटी घरंगळली. सारवलेल्या जमिनीवरून गरगरत चुलीच्या ओट्यापर्यंत गेली, तिथं टेकली, थोडा वेळ आपल्याशीच वाजत राहिली आणि गप्प झाली.

भुरीबाई दाराशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मागं वळून पाहिलं. सहा वर्षांची रुपी भिंतीला टेकून बसलेली, डोळे मिटलेले, आणि एक हात अजून पुढे पसरलेला. वाटी तिच्या अगदी हाताशी ठेवली होती. भुरीबाईनंच ठेवली होती, "समोर हाये, पी" म्हणून.

"सांडलं, याडी," रुपी म्हणाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. "तू दूर ठेवली होती."

"हो माय. दूरच ठेवली होती मी."

एवढं बोलून ती उठली.

पौषात गोवर आला होता आणि तांड्यातली निम्मी पोरं त्यानं आडवी केली होती. रुपीचा ताप उतरला, अंगावरचं पुरळ काळं पडून सुकलं, आजीनं लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं आंघोळ घातली. सगळे म्हणाले, सुटली पोर. डोळे मात्र उघडेनात. उजेड टोचतो म्हणायची. तशी ती गोवराच्या आधीपासूनच दिवेलागणीला ठेचकाळायची, उंबऱ्याला अडखळायची, आणि सगळे हसायचे. कोंबडीचे डोळे घेऊन आली म्हणायचे. भुरीबाईसुद्धा हसली होती.

आज तिनं लेकीला मांडीवर घेतलं, दाराच्या उजेडाकडे तोंड केलं आणि अंगठ्यानं हळूच एक पापणी वर उचलली. बुबुळाची काळी चमक गेली होती. वर राखेसारखी सुकी झाक, आणि मधोमध पांढरा ठिपका. शिजलेल्या भगरीच्या दाण्याएवढा.

"काय दिसलं याडी?"

"काही नाही. कचरा हाये."

"मंग फुंक ना."

भुरीबाईनं फुंकर घातली. दाण्याला काय फुंकर लागणार.

संध्याकाळी फुलसिंग कापूस वेचून आला. खांद्यावरचं गाठोडं उतरवायच्या आत बायकोनं त्याला लेकीचा डोळा दाखवला. त्यानं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "सकाळी गाडी जुंपतो. दिग्रसहून यष्टी धरू अन यवतमाळले मोठ्या दवाखान्यात नेऊ."

"तिथं नोको," भुरीबाई म्हणाली.

तिला काय आठवलं ते त्यालाही ठाऊक होतं. भुरीबाईच्या आईचा डोळा दुखायला लागला तेव्हा तिला त्याच दवाखान्यात नेलं होतं. परत आली तेव्हा डोळ्याच्या जागी कापसाचा बोळा होता. डोळा सडला होता, काढला नसता तर जीव गेला असता, असं सोबत गेलेले लोक सांगत होते. पण लहानग्या भुरीला तेवढा बोळाच दिसला होता, आणि कापूस वेचताना अजूनही कधीतरी बोंडातून निघालेला ओला कापूस हाताला लागला की ती तो झटकून टाकायची.

"तवा नागपूरचं राज्य होतं," फुलसिंग समजावत म्हणाला. "आता मुंबईचं आलं. नवे डाक्टर आले असन."

"राज्य बदललं म्हनून सुरी बोथट झाली काय?"

 तेव्हा कोपऱ्यातून त्याची आई, सुखीबाई, बोलली. म्हातारी कमी बोलायची. बोलली की घरातलं भांडण संपायचं.

"कायले भांडता? देवीले विचारू. मंगळवार आलाच. लाल्याले उभं करू."

लाल्या म्हणजे त्यांचं तांबडं बोकड. जन्मलं त्याच दिवशी सुखीबाईनं ते देवीच्या नावानं सोडलं होतं. तांड्याची रीत जुनी होती. अडलेल्या माणसानं बोकड देवीच्या ओट्यापुढं उभं करायचं, भगतानं त्याच्या पाठीवर ओंजळभर पाणी शिंपडायचं आणि मग सगळ्यांनी मागं सरून वाट पाहायची. बोकडानं आपणहून अंग झाडलं की देवीनं दुखणं आपल्या पदरात घेतलं. नाही झाडलं, तर तिची मर्जी नाही.

"अन नाही झाडलं तं?" फुलसिंगनं विचारलं.

"तं गाडी जुंप. दवाखान्यात जा म्हनते ती, असं समज." म्हातारीनं दिव्याची वात बोटानं पुढं सारली. "हो म्हनली तरी तिचंच, नाही म्हनली तरी तिचंच. आपन मधात कायले पडाचं?"

फुलसिंगला ते पटलं. भुरीबाईनंही मान हलवली. पण तिच्या मनात एकच बाजू होती. देवीनं हो म्हणायला पाहिजे. तिच्याजवळ 'नाही' ठेवायला जागाच नव्हती.

मंगळवारी सकाळी तांडा कापसाला गेला नाही. कडूलिंबाखालच्या ओट्यावर पांढरं निशाण होतं, पुढं गोवऱ्यांचा विस्तव. भगत बाबुलाल त्यात तूप-गूळ सोडत होता आणि धुराचा गोड वास सगळ्यांच्या डोक्यांवरून जात होता. ज्याच्या दुखण्यासाठी बोकड उभं, दावं त्याच्या हातात, म्हणून रुपीला पुढं बसवलं होतं. तिच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची पट्टी. लाल्या तिच्या खांद्याला नाक घासत होता. रोज तुरीच्या शेंगा तीच चारायची त्याला.

"पाय धू वो बोकडाचे," बाबुलालनं भुरीबाईला सांगितलं. ते काम आईचं. "पन पानी कानाकडं नेऊ नको. कानात थेंब गेला तं कुत्रंबी अंग झाडते. त्यात देवी कुठं आली?"

लोक हसले. शेळ्या राखणाऱ्या बाईला हे सांगायची गरज नव्हती. तिनं चारही खूर धुतले आणि मागं झाली. बाबुलालनं लाल्याच्या पाठीवर ओंजळ सोडली.

सगळे मागं सरले.

लाल्या उभाच राहिला. पाठीवरचं पाणी केसांतून ओघळून जमिनीवर पडलं. त्यानं एकदा निशाणाकडे पाहिलं, एकदा रुपीकडे, आणि निवांतपणे रवंथ करायला लागला.

"याले थंडी वाजत नाही वाटते," शेजारची बिजलीबाई हळूच म्हणाली. "आमच्या म्हाताऱ्यासारखं हाये. पेटवलं तरी उठत नाही."

"गप व," कुणीतरी दटावलं, पण दटावणाराही हसत होता.

ऊन ओट्यावर चढलं. बाबुलालनं उन्हातल्या परातीतून पुन्हा ओंजळ सोडली. पुन्हा तेच. लोक एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लागले. सुखीबाई हात जोडून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर ना घाई होती ना काळजी. पाहुणा यायचा आहे, येईल तेव्हा येईल, अशी बसली होती. फुलसिंगची नजर मात्र गाडीकडे गेली. बैल कुठं बांधलेत, ते त्यानं पाहून घेतलं. भुरीबाईनं ती नजर पाहिली.

"देवीचं मन दिसत नाही," शेवटी बाबुलाल म्हणाला. "पाय अजून एक डाव धू वो, मंग सोडू."

भुरीबाईनं तांब्या उचलला. रात्रभर उघड्यावर राहिलेल्या माठातलं पाणी, बर्फासारखं. ती लाल्याजवळ वाकली, तिची ओढणी त्याच्या मानेवर पसरली. तिला खूर दिसलेच नाहीत. तिला दिसला तो कापसाचा बोळा, आणि या खेपेला तो तिच्या आईच्या चेहऱ्यात नव्हता.

ओढणीच्या आत तांब्या नुसता कलला. पाणी कानात गेलं, थोडं बाहेर सांडलं. ती मागं सरली.

लाल्यानं मान झटकली. मग खांदे, मग पाठ, मग अंगावरून शेपटीपर्यंत एक लाट गेल्यासारखा तो थरथरला आणि पाण्याचे थेंब विस्तवावर पडून चरचरले.

डफडं वाजायला लागलं. बायांनी गाणं उचललं. सुखीबाईनं जमिनीला कपाळ टेकलं आणि उठेना, तेव्हा दोघींनी धरून उठवलं. तिचे डोळे वाहत होते. तिनं सुनेचा चेहरा दोन्ही हातात धरला. "पाह्यलं? उशीर लावते, पन नाही म्हनत नाही ती."

भुरीबाईचे दात वाजत होते. लोकांना वाटलं, अंगात आलं.

दुपारी लाल्याचं मटण तांड्यात घरोघर गेलं. रुपीनं खाल्लं नाही. लाल्या कुठं गेला, विचारत होती. देवीच्या घरी गेला, दादीनं सांगितलं, तुझं दुखणं पाठीवर घेऊन.

एकदा देवीनं घेतलं म्हटल्यावर दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं. डोळ्यात काही घालायचं नाही, पट्टी ओली ठेवायची, आणि रोज दिवा लावायचा. फुलसिंग कापसाला जायला लागला. जाताना शीळ घालत जायचा. सुखीबाई जात्यावर बसली की ओव्यांसारखं काहीबाही गुणगुणायची, आणि पडल्या पडल्या तिला झोप लागायची. सगळं घर त्या होकाराच्या सावलीत निवांत बसलं होतं. एकटी भुरीबाई उन्हात होती. कारण तो होकार कुठून आला, ते तिला माहीत होतं.

तिनं देवीपुढं हात जोडून पाहिले. पण मागायचं काय? हो म्हण, म्हणायची सोय नव्हती; हो तर तिनंच म्हणून टाकलं होतं, देवीच्या तोंडून. मग ती मनाची समजूत घालायची. तांब्या देवीनंच कलवला असंल. माझा हात, पण बुद्धी तिची. भाकरी थापताना ते पटायचं. पट्टी बदलताना पटेनासं व्हायचं.

दाणा वाढत होता. आधी भगरीएवढा, मग ज्वारीएवढा. मग एका सकाळी तिनं दुसरी पापणी उचलली, आणि त्याही डोळ्यात राख पडलेली दिसली.

"याडी, आज लई अंधार हाये," रुपी म्हणाली. "ढग आले का?"

बाहेर लख्ख ऊन होतं. भुरीबाई म्हणाली, "हो माय."

लेकीला सासूजवळ ठेवून ती शेताकडे निघाली. वाटेत दोनदा परत फिरली. देवीच्या नावानं खोटं केलेल्या बाईला तांडा काय करतो, ते तिनं ऐकलं होतं, आणि नवरा काय करेल, ते तिला ठाऊक नव्हतं. फुलसिंग कापसाच्या ओळीत वाकलेला होता. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहिली.

"काहून आली व?"

"लाल्यानं अंग नव्हतं झाडलं," ती म्हणाली. "मी कानात पानी टाकलं."

त्याला आधी समजलंच नाही. मग समजलं. हातातला कापूस त्यानं ओटीत टाकला नाही, तसाच धरून उभा राहिला. ती मार खायच्या तयारीनं उभी होती. मार बसला असता तर बरं झालं असतं.

"मले तवाच सांगाचं होतं," तो एवढंच म्हणाला. "रातच्याला तरी सांगाचं होतं."

मग तो धावत सुटला. ओटीतला कापूस ओळीभर सांडत गेला.

दुसराही डोळा चालला, एवढंच त्यानं आईला सांगितलं. गाडीनं दिग्रस, दिग्रसहून यष्टी. मोटारीत रुपी खूश होती. पहिल्यांदाच बसली होती मोटारीत. "काय दिसते सांग ना," ती बापाला विचारत होती, आणि फुलसिंग सांगत होता. जिनिंग कारखान्याची चिमणी, कापसाच्या गाड्यांची रांग, पूल, माकडं. जिथं काही नव्हतं तिथंही तो काहीतरी सांगत होता. बायकोकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

दवाखान्यात कोणी सुरी घेऊन बसलं नव्हतं. विमलताई नावाची नर्स होती, तिनं रुपीला आपल्या मांडीवर बसवलं, बिस्किट दिलं आणि तिच्या झग्यावरचे आरसे मोजायला लावले. रुपी बोटांनी चाचपून मोजत होती. विमलताईनं डाक्टरकडे पाहिलं आणि नजर खाली केली. भुरीबाईला तेव्हाच कळलं.

डाक्टर तरुण होता, थकलेला होता. त्यानं दिवा धरून दोन्ही डोळे पाहिले. "गोवरानंतर होतं असं. अंगात सत्त्व कमी असलं की बुबुळ सुकतं, मग फुटतं. एक डोळा तर गेलाच आहे. दुसऱ्याला उजेड-अंधार कळला तर कळेल." त्यानं दिवा खाली ठेवला. "ठिपका दिसला तेव्हाच आणायचं. माशाचं तेल, थोडे थेंब, एवढ्यावर राहिलं असतं. इतके दिवस काय करत होता?"

भुरीबाईनं तोंड उघडलं. पण आधी फुलसिंग बोलला.

"वाट पाहून राह्यलो होतो साहेब."

"कशाची?"

फुलसिंगनं मान खाली घातली. बायकोचं नाव त्यानं घेतलं नाही. त्या क्षणी तरी नाही, आणि पुढंही कधी नाही. तिला वाटलं, याच्यापेक्षा डोळे काढून घेणारा दवाखाना सोपा होता.

दवाखान्यात काही दिवस ठेवून घेतलं. माशाचं तेल पाजलं, थेंब घातले. एक डोळा आत बसला. दुसरा दुधासारखा झाला, आणि त्याला दिवा जवळ आणला की रुपी म्हणायची, "काहीतरी हाये." एवढंच मिळालं.

ते तांड्यावर परतले तेव्हा सुखीबाई वेशीवर उभी होती. तिनं नातीचा चेहरा चाचपला, डोळ्यांच्या जागी बोटं थांबली. मग नातीचा हात धरून ती तिला घरी घेऊन आली. दिवेलागण झाली, आणि भुरीबाईनं पाहिलं की देवीपुढचा दिवा तसाच आहे. वात कोरडी, तेल नाही.

"याडी, दिवा?" तिनं सासूला विचारलं.

"राहू दे."

"लावू मी?"

"तुले लावाचा तं लाव." म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. "नाही म्हनली असती तं मी काही म्हनलं नसतं. दवाखान्यात पाठवलं असतं पोरीले, अन आनखी एक बोकड सोडलं असतं. पन हो म्हनून फिरवलं तिनं. तांड्यासमोर अंग झाडून फिरवलं. माह्या सत्तर वर्षांत असं नव्हतं केलं तिनं."

भुरीबाईच्या जिभेवर आलं होतं. एका वाक्यानं म्हातारीला तिची देवी परत मिळाली असती. फुलसिंग दारात उभा होता, तिच्याकडे पाहत होता. सांग म्हणत नव्हता, नको म्हणत नव्हता. आणि ती बोलली नाही. लेकीचे डोळे गेले, आता घरही जाईल, एवढंच तिला दिसलं. तिनं चुलीत काटकी सारली. ती पुन्हा मधात पडली होती, आणि या खेपेला हातात तांब्यासुद्धा नव्हता.

दिवस जायला लागले. सुखीबाई दळायची, पण गुणगुणायची नाही. ओट्याकडं जायची नाही. बाबुलाल एकदा विचारायला आला तर म्हणाली, "तुह्या देवीले सांग, बोकड वापस दे." तो बिचारा ओशाळून गेला. रात्री म्हातारीला झोप लागत नव्हती. तिच्या कुशी बदलण्याचा आवाज भुरीबाई ऐकत पडायची.

एका सकाळी दोघी मायलेकी दाराशी उन्हात बसल्या होत्या. अंगणात सुखीबाईचं जातं फिरत होतं, घर्रघर्र, एकसारखं. भुरीबाई लेकीच्या केसांना तेल लावत होती. रुपी आता हातांनी पाहायला शिकली होती. वाटी कुठं आहे, उंबरा कुठं संपतो, कोण जवळून गेलं, सगळं तिला कळायचं. तिनं आईचा हात धरला, पालथा केला आणि मनगटावरून बोट फिरवलं.

"याडी."

"काय माय?"

"त्या दिवशी मी लाल्याचं दावं धरलं होतं ना. माह्या हातावर पानी सांडलं. इथं. लई थंड."

भुरीबाईची बोटं केसांत थांबली.

"भगतबाबानं पाठीवर टाकलं तं कोमट लागलं होतं, उन्हानं. हे थंड होतं. अन तुही ओढनी माह्या तोंडाले लागली होती." रुपीच्या आवाजात तक्रार नव्हती. कोडं सुटत आल्यावर पोरं बोलतात तसं ती बोलत होती. "मंग लाल्या हालला."

अंगणातलं जातं थांबलं.

रुपीनं आईकडे तोंड वर केलं. दुधासारखा डोळा उघडा होता, आणि त्यात ऊन पडलं होतं.

"याडी, तू अजून थोडं थांबली असती, तं देवी काय म्हनली असती?"